काळी पट्टी

चिपळूणच्या एस.टी. स्टँडबाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. त्यातली एक पांढरी पेट्रोल गाडी एका तरुणाची होती. वडिलांच्या फंडाच्या पैशातून घेतलेली, म्हणून तो तिला जिवापाड जपायचा. रोज सकाळी धुणार, काचा पुसणार, आरशाला ताजा हार घालणार. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाडी दारातच उभी होती आणि पाणी सीटपर्यंत चढलं होतं. पुढे वायरिंग साफ झालं, सीटा उन्हात वाळल्या, नवं मॅटिंग आलं. मॅटिंगखालचा पत्रा मात्र कुणी उचकटून बघितला नाही. गाळ आणि खारी हवा यांनी आपलं काम तिथे चालू ठेवलं.

गणपतीला चार दिवस राहिले असताना मीटरवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनचं चित्र असलेला. गाडी चालत होती, पण चढाला किंचित हिसके देत होती. तो गोवळकोट रोडवरच्या चाचांच्या गॅरेजवर गेला. चाचांनी स्कॅनर लावला आणि म्हणाले, "तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. कॉइल गेलीय. ठेव गाडी, उद्या माल येईल, परवा घेऊन जा."

"चाचा, आता? चाकरमानी उतरायला लागलेत. ह्या दहा दिवसांत वर्षाचा हप्ता निघतो माझा."

"दिवा पिवळा आहे तोवर तुला सवड आहे," चाचा म्हणाले. "लाल लागला तर जागेवर उभं राहायचं. ऑइलच्या बुधलीचा लाल, टेम्परेचरचा लाल, ब्रेकचा लाल, यांत सवड नसते. ऑइलचं प्रेशर गेलेलं असताना दोन-चार मिनिटं इंजिन चालवलंस तरी बेअरिंगं धरतात. पिवळ्याचं तसं नाही, त्याला लवकर दाखवावं लागतं एवढंच. पण हाच पिवळा लुकलुकायला लागला तर पाय काढायचा ॲक्सिलरेटरवरून आणि गाडी बाजूला घ्यायची. लुकलुकला म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लायनीत चाललंय."

त्याने मान डोलावली आणि गाडी घेऊन गेला. स्टँडवर कुणीतरी म्हणालं, गिऱ्हाईक दिवा बघून बिचकतं, पट्टी मार. इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी होतीच डिकीत. बोटभर तुकडा त्याने मीटरच्या काचेवर, बरोबर त्या दिव्यावर, नीट दाबून बसवला.

चाचा जे बोलले त्यामागचं कारण इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या लायनीत, इंजिनच्या बाजूला, एक डबा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत चिनीमातीसारख्या मालाची बारीक बारीक छिद्रांची वीट असते आणि त्या छिद्रांच्या भिंतींना प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा पातळ लेप दिलेला असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. ठिणगी पडली नाही की सिलिंडरमधलं कोरं पेट्रोल त्या डब्यात जाऊन पेटतं. तापमान फार वाढलं की वीट वितळते, ढासळते, छिद्रं बुजतात. मग इंजिनला श्वास सोडायला जागा उरत नाही. धूर मागे जाऊ शकला नाही की तो वाटेतले सांधे आणि पॅकिंग फोडून जिथून मिळेल तिथून निघतो. पट्टीखाली तो दिवा त्या दहा दिवसांत किती वेळा लुकलुकला असेल, ते कुणालाच कळलं नाही.

गणपती गेले. पैसे झाले. "आता टाकू कॉइल," म्हणता म्हणता बहिणीच्या बाळाचं बारसं आलं, कराडला. पहाटे साडेचारला आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी अशी सगळी गाडीत बसली. धो धो पाऊस. काचा वर, एसी आतल्या हवेवर. अलोरे गेलं, पोफळी आलं आणि कुंभार्ली घाट सुरू झाला.

पहिल्या काही वळणांतच आई म्हणाली, "बाबू, माझं डोकं जड झालंय रे. काच जरा खाली घे."

"पाऊस आत येईल आई. घाट लागलाय तुला."

"मला घाट लागत नाही. तुझ्या बाबांबरोबर एस.टी.तून पन्नास वेळा गेलेय ह्या घाटातून."

त्याने लिंबाची गोळी मागे दिली. थोड्या वेळाने मुलगी ओकली. बायको म्हणाली, तिचंही कपाळ ठणकतंय. त्याचं स्वतःचंही ठणकत होतं, पण ते त्याने पहाटेच्या उठण्यावर ढकललं. गाडी चढाला ओढत नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की नुसता आवाज वाढायचा, खालून फडफड ऐकू यायची. आई पुन्हा बोलली तेव्हा तो चिडला. "आई, गप्प बस ना जरा! मला गाडी चालवू दे." आणि त्याने गाणी मोठी केली.

आई गप्प बसली. पण तिने आपल्या बाजूची काच उतरवली, पूर्ण खाली, आणि पावसाचे सपकारे अंगावर घेत नातीचं तोंड खिडकीशी धरून ठेवलं. मला विचाराल तर त्या गाडीत त्या घटकेला शुद्धीवरचं माणूस ती एकटी होती.

पुढच्या चढावर गाडीने दम टाकला. दुसऱ्या गिअरलाही खेचेना, मग बंदच पडली. त्याने हँडब्रेक ओढला, डाव्या कडेला चाकांमागे दगड लावले. आता उजाडत होतं, पण धुकं दाट. सगळी उतरून कड्याच्या आडोशाला उभी राहिली. पाच-दहा मिनिटांत मुलीने डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. बायकोचंही डोकं हलकं झालं.

वरून कराडकडचा एक ट्रक उतरत आला. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला मफलर. गाडीपाशी येऊन त्याने आधी तरुणाला विचारलं, "तिरकोन ठेवलाय का मागं?" ठेवला नव्हता. "आदी त्यो ठिवा. पन्नासेक पावलं मागं, वळणाच्या पल्याड. धुक्यात कुणी येऊन ठोकंल. आन् चारी इंडिकेटर लावा."

तिरकोन ठेवून झाल्यावर त्याने आईकडे बघितलं. "मावशी, काय हुतंय?"

"डोकं दुखत होतं. सगळ्यांचंच. आता बाहेर आल्यावर बरं वाटतंय."

ट्रकवाला थबकला. "सगळ्यांचं? एकदम?" तो तरुणाकडे वळला. "पावनं, घाट लागतो तो एकाला लागतो, फार तर दोघांस्नी. चौघांचं डोकं एकाच वख्ताला दुखलं आन् भायेर आल्यावर उतरलं, तर गाडीत सायलेन्सरचा गॅस येतोय. ही मावशी काच उघडून बसली नसती तर तुमी स्टेरिंगवरच झोपला असता."

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड, मळमळ, झापड, आणि त्यानंतर माणसाला आपल्याला काही होतंय हेच कळेनासं होतं. फडफड ऐकूनही तो चालवत राहिला, चिडत राहिला, त्यात त्या विषाचाही वाटा असेल.

तरुणाने हात जोडले. "टोचन लावता का खाली पोफळीपर्यंत? दोरी आहे माझ्याकडे."

"न्हाई." ट्रकवाल्याने एका शब्दात सांगितलं. "सपाटीला लावलं असतं. गाडी न्यूट्रल, चावी ऑन म्हंजे स्टेरिंग लॉक व्हत न्हाई, दोरी पाच मीटरच्या आत, तिला लाल फडकं, आन् पंचवीसच्या आत चालायचं. पर उताराला दोरी घेत न्हाईत. इंजन बंद म्हंजे ब्रेकचा बुस्टर मेला. दोन-तीनदा दाबला की पॅडल दगडावानी हुतं. स्टेरिंग जड. तुमची गाडी माज्यावर यील, न्हाई तर दरीत जाईल. क्रेन मागवा. फुडची चाकं ओढणारी गाडी हाय ही, फुडूनच उचलायला सांगा." मग जरा नरमाईने म्हणाला, "बायकापोरांस्नी माज्या केबिनीत बसवा. पोफळीला सोडतो. हितं मोबाइलला रेंज न्हाई, क्रेनवाल्याला तिथनं फोन लावतो."

जाताना त्याने एक गोष्ट बजावली: गाडी हलली की चाकांमागचे दगड रस्त्यातून काढायचे. घाटात असे सोडलेले दगड मोटारसायकलवाल्यांचा जीव घेतात, हे ज्यांनी बघितलंय तेच असं बजावतात. तो माणूस पुन्हा कुणाला भेटला नाही.

दुपारी गाडी चाचांच्या रॅम्पवर चढली. चाचांनी बॅटरी लावून खालून बघितलं आणि त्याला बोलावलं. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या, इंजिनच्या बाजूच्या सांध्याचं पॅकिंग उडालेलं, फ्लँजभोवती काजळीचा काळा पट्टा. मधला सायलेन्सर गंजून सुरीने टोचला तरी भोक पडेल असा. चाचांनी समजावलं की लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. लांब पल्ल्याला सायलेन्सर तापतो आणि ते उडून जातं. स्टेशन ते स्टँड अशा छोट्या फेऱ्यांत ते आतच साचतं आणि सायलेन्सर आतून कुजतो, वरून कितीही धुवा. मग त्यांनी मॅटिंग उचकटलं. मागच्या सीटच्या पायाशी पत्र्याला रुपयाएवढी तीन भोकं होती. वाट सरळ होती.

कन्व्हर्टर उघडला तेव्हा आतली अर्धी वीट काळ्या ढेकळासारखी गोठलेली. उरलेले तुकडे चाचांनी तळहातावर ओतले. "दोन दिवसांच्या भाड्यात भागलं असतं," एवढंच ते म्हणाले. नव्या डब्याची किंमत ऐकून तरुण बाकावर बसला. त्यात प्लॅटिनमचे पैसे असतात. स्टँडवरून एकाने सुचवलं की रिकामा डबा वेल्डिंग मारून बसव, पिकअप वाढतं. चाचांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. रिकाम्या डब्यातून कोरं विष बाहेर पडतं आणि ते मागच्या रिक्षातल्या पोराच्या नाकात जातं, हे बेकायदेशीर तर आहेच.

आई नातीला घेऊन गॅरेजवर आली होती. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून मीटर बघत होती. "बाबू, हे काळं काय चिकटवलंयस?"

त्याने काही न बोलता नखाने पट्टी सोलली. चाचांनी चावी ऑन केली. दिवा लागला.

आई त्या दिव्याकडे थोडा वेळ बघत राहिली. "घाटात गाणी मोठी केलीस," ती म्हणाली, "ती पण पट्टीच रे." आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला ते जास्त लागलं.

कन्व्हर्टर, सायलेन्सर, कॉइल, पॅकिंग, पत्र्याचं काम या सगळ्याला गणपतीतली कमाई पुरली नाही. उसने घ्यावे लागले आणि ते शिमग्यापर्यंत फेडत राहिला. पण स्टँडवर त्याने हा किस्सा लपवला नाही. नवीन पोरांना तो स्वतः सांगतो की सकाळी चावी ऑन करा आणि इंजिन सुरू करायच्या आधी बघा. इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग, सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागलेच पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर त्याचा बल्ब तरी गेलाय, नाही तर कुणीतरी मुद्दाम मारलाय. जुनी गाडी घेताना ही खूण पक्की धरावी. डिझेलवाल्यांना तो आणखी एक सांगतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याचा पिवळा दिवा लागला तर लाल दिव्याची वाट न बघता गाडी हायवेला काढून वीसेक मिनिटं साठच्या पुढे एका वेगात पळवायची, म्हणजे काजळी आतल्या आत जळते. बाजारात दोन-दोन किलोमीटर फिरवत राहिलात तर फिल्टर बुजतो आणि बदलावा लागतो.

आणि भाड्याच्या गिऱ्हाइकांनाही तो मध्येच वळून विचारतो, "बरं वाटतंय ना सगळ्यांना?" लोकांना वाटतं, पोरगा प्रेमळ आहे. आहेच.

वाचकांना माझी विनंती एवढीच. सायलेन्सरचा आवाज बदलला, खालून फडफड यायला लागली, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका, त्याच आठवड्यात गाडी रॅम्पवर चढवून सांधे आणि खालचा पत्रा बघून घ्या. आणि गाडीत दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, पोरं पेंगायला लागली, तर पित्त, घाट, जागरण अशी कारणं शोधत बसू नका. काचा उतरवा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. बाहेर येऊनही कुणी झापडलेलं राहिलं तर थेट दवाखाना गाठा. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं तर कधीच नाही, एसी कितीही गार असला तरी.