दीपदान की दीपविक्रय?

देवळातील नंदादीप एकदा लावून भागत नाही. त्यास नित्य तेल घालावे लागते. मग झोपडीस सौरदीप एकदाच देऊन दान पुरे होते काय? १९९५ साली हरीश हांडे प्रभृतींनी कर्नाटकात स्थापन केलेली ‘सेल्को’ असे दिवे फुकट न वाटता, बँकेच्या कर्जाची सोय करून हप्त्यांनी विकते. गरिबाकडून दाम घ्यावा, हे प्रथम आम्हांस रुचले नाही. परंतु रॉकेलाच्या चिमणीवर जाणारा पैसा हप्त्यास वळतो, मुलांचा अभ्यास धुराविना होतो, आणि विक्रेत्यास दुरुस्तीसाठी पुन्हा यावेच लागते. फुकटच्या दिव्याची बॅटरी काही वर्षांनी निकामी झाली, की तो खुंटीस लागतो. दाता मात्र पुण्य गाठीस बांधून केव्हाच निघून गेलेला! ज्यास हप्ताही झेपत नाही, त्याच्या दारी दानच हवे. मात्र पुढील बॅटरीचे मोलही त्याच वेळी बाजूस काढून ठेवावे, असे आम्हांस वाटते.