‘शून्य व्याजा’चा हप्ता आणि अनणसुख



अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्तीत तयारी सुरू होते. विहाराला रंग लागतो, पांढरी वस्त्रे धुऊन ठेवली जातात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मुलांकडून म्हणवून घेतल्या जातात. आणि त्याच आठवड्यात पेणच्या व रोह्याच्या बाजारपेठेत दुकानांवर फलक चढतात: शून्य व्याज, हप्त्याने घ्या, आजच घरी न्या! फ्रीज, टीव्ही, मोबाइल, मोटारसायकल, सगळेच बिनव्याजी. प्रतिज्ञा घेतलेली माणसेही त्या फलकाखाली थांबतात. म्हणून आज या विषयावर तुमच्याशी बोलायचे आहे.

नुकतेच धम्मात आलेल्या कुटुंबाला या फलकाची ओढ अधिक असते, आणि तिचे कारण लाजिरवाणे नाही. तुम्ही देव्हारा उतरवलात, नवस सोडलेत, जत्रेचा बोकड बंद केलात. हातात चार पैसे राहू लागले. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारले नाही, त्या घरात चांगली वस्तू यावी असे वाटणे रास्त आहे. बुद्धाने गृहस्थाला दारिद्र्यात राहायला कधीच सांगितले नाही. प्रश्न वस्तूचा नाही. तिच्यासाठी ज्या कागदावर सही करता, त्या कागदाचा आहे.

हा कागद कसा चालतो ते आधी नीट समजून घ्या. समजा, एका फ्रीजवर ३०,००० रुपये किंमत लिहिली आहे. रोख मोजणाऱ्याला थोडी घासाघीस केल्यावर दुकानदार तो २८,००० ला देतो. हप्त्याने घेणाऱ्याला मात्र पूर्ण ३०,०००. तीन-तीन हजारांचे दहा हप्ते, त्यातले दोन आगाऊ. शिवाय प्रोसेसिंग फी ५०० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये. म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही ६,५९० रुपये मोजले. जी वस्तू रोखीने २८,००० ला मिळत होती, तिच्यासाठी तुम्हाला खरोखर उसने मिळाले ते फक्त २१,४१०. त्या बदल्यात आठ महिन्यांत तुम्ही २४,००० फेडणार. वरचे २,५९० रुपये हेच व्याज! मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर हा दर वर्षाला शेकडा तीसच्या पुढे जातो. फलकावर मात्र शून्य.

पैसा फुकट वापरायला कोणी देत नाही. फायनान्स कंपनीला तिचे व्याज कंपनीकडून किंवा दुकानदाराकडून मिळते, आणि ते वस्तूच्या किमतीत आधीच धरलेले असते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती तुमच्या हातून निसटते. क्रेडिट कार्डावर असा हप्ता घेतला तर बँक कागदोपत्री व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट दाखवतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुम्ही भरता. खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. ते व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेले असते. देशाची मध्यवर्ती बँक जे सांगते, ते आपण फलक पाहून का विसरावे?

खरा घात पुढे आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्याचा पगार कधी दहा दिवस उशिरा होतो. पेण, हमरापूर, जोहे इकडच्या मूर्तिकारखान्यांतल्या रोजंदारीला हंगाम असतो. पण हप्त्याला हंगाम नाही. ठरल्या तारखेला तो खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात पैसे नसले तर बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा दंड वेगळा, आणि सिबिलवर काळा डाग. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा हा डाग तुमच्या आधी बँकेत पोहोचलेला असेल. आणि हप्ते नियमित फेडलेत, तर फोन येतो: तुमची मर्यादा वाढवली आहे, आणखी काही घ्या. एका हप्त्याच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा.

तथागतांनी हे सारे पाहिले होते. अंगुत्तर निकायात अनाथपिण्डिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने व धर्माने मिळवलेले धन असणे हे पहिले. त्याचा उपभोग घेणे व त्यातून पुण्यकर्म करणे हे दुसरे. कोणाचे थोडेही किंवा फारही देणे नसणे, हे अनणसुख तिसरे. आणि निर्दोष आचरणाचे सुख हे चौथे. पाहा, उपभोगाच्या सुखाला बुद्धाने जागा दिली आहे. पण लगेच त्याच्या शेजारी ऋणमुक्तीचे सुख बसवले आहे. पहिल्यासाठी दुसरे विकायचे नसते. त्याच निकायात इण सुत्त आहे. दारिद्र्य दुःख, त्यातून घेतलेले ऋण दुःख, त्याचे व्याज दुःख, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन: एकेक पायरी तिथे सांगितली आहे. विनयाचा नियम तर असा की ऋणी माणसाला प्रव्रज्या देऊ नये. ज्याच्यावर दुसऱ्याचा हक्क आहे, तो स्वतःचा धनी नाही.

कोलियांच्या दीघजाणूने विचारले होते, आम्ही संसारी माणसे, आमच्या हिताचे सांगा. भगवंतांनी त्याला समजीविका सांगितली: तागडी धरणाऱ्याप्रमाणे आपली आवक आणि जावक ओळखून राहावे. आवक थोडी आणि राहणी मोठी असणाऱ्याला त्यांनी उंबर खाणारा म्हटले आहे. चार फळांसाठी तो सारे झाड हलवतो. खाली पडते पुष्कळ, तोंडी लागते थोडे.

आता आपल्या मातीतली गोष्ट. कुलाबा जिल्हा, जो १९८१ पासून रायगड म्हणवला जातो, तो खोतांचा मुलूख होता. अडीनडीला घेतलेले धान्य कुळाने सवाईने, दिडीने परत करायचे. पीक खळ्यावरूनच जायचे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवून संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या वहीतून आपले बापजादे मोठ्या कष्टाने सुटले. खोत निदान तोंडावर सांगत असे की दिडी घेईन. आजची वही शून्य सांगते आणि घेते. ज्यांनी गुलामगिरीची वही फाडली, त्यांच्या नातवंडांनी नव्या वहीत हौसेने अंगठा उठवावा काय?

म्हणून उपासक-उपासिकांनो, काही गोष्टी पाळा.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारा: रोख मोजले तर किती? मग हप्ते, आगाऊ रक्कम, फी, विमा, वाढीव वॉरंटी, कार्डाचे पैसे, सगळे मिळवून एकूण किती? दोन आकडे कागदावर शेजारी लिहा. त्यांतला फरक म्हणजे व्याज, मग त्याला नाव काहीही असो.

कर्जाच्या कागदांत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ते बंधनकारक केले आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. त्यात न लिहिलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. मराठीत मागायला लाजू नका. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिला बरोबर न्या. तिने वाचल्यावाचून सही करू नका.

सगळेच ऋण वाईट नाही. सामञ्ञफल सुत्तात ऋण घेऊन धंदा करणारा, तो भरभराटीला आणून देणे फेडणारा आणि उरलेल्यात बायकोमुलांना पोसणारा माणूस आनंदी झालेला दाखवला आहे. शिलाई मशीन, रिक्षा, शिक्षण यांतून आवक वाढते. आणि कुठे रोखीचा व हप्त्याचा भाव खरोखर एकच असेल, फी नसेल, हप्ता बचतीतून निघत असेल, तर घ्या. पण हिशेब करून घ्या.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी राखलेला. हप्ता या चौथ्या भागाला कधीही शिवू देऊ नका. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात घराघरात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्या तीन महिन्यांत हप्त्याएवढी रक्कम दरमहा बचत गटात किंवा पोस्टात टाका. टाकता आली, तर वस्तू झेपेल आणि तोवर काही पैसाही जमेल. टाकता आली नाही, तर फेडता आली नसती, हे दुकानात न जाताच कळेल.

आपली जी मुले दुकानात हप्त्याच्या टेबलावर नोकरी करतात, त्यांनाही एक सांगणे. मुसावादापासून विरत राहण्याचे शील तुम्ही घेतले आहे. गिऱ्हाईक समोर बसले की पूर्ण आकडा सांगा. तिथे तुमच्यापुढे बसलेली बाई कदाचित आपल्याच वस्तीतली असेल.

शेजाऱ्याच्या घरात फ्रीज आला आणि आपल्याकडे नाही, म्हणून बौद्धाचे घर लहान होत नाही. दारात वसुलीवाला उभा आहे आणि मुलाला ‘बाबा घरी नाहीत’ असे खोटे सांगायला लावले जाते, तेव्हा मात्र ते लहान होते. त्या एका वाक्यात मुलाचे शील मोडते आणि बापाचा स्वाभिमानही. या विजयादशमीला बावीस प्रतिज्ञा म्हणून झाल्या की घरातली वही उघडा आणि कोणाचे किती देणे आहे ते सर्वांच्या देखत लिहा. ते शून्य करण्याचा संकल्प करा. खरे शून्य ते!

नमो बुद्धाय! जयभीम!