तलाव नव्हे, आवर्तन द्या

दहा म्हशींच्या गोठ्यासाठी बँकेचं कर्ज हवं असतं. कुणीतरी रात्र जागून एक्सेलमध्ये प्रकल्प अहवाल बसवतो: दूध, चारा, मजुरी, हप्ता, सगळं सूत्रांनी एकमेकांत गुंफलेलं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाकडे जाते आणि पुढे नाव तेवढं बदलून पाहुण्यारावळ्यांच्या कर्जप्रकरणांना जोडली जाते. करणारा म्हणतो, "शीटला पासवर्ड लावला होता की!"

तो पासवर्ड चुकून कुणाच्या हातून सूत्र पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठीच असतो. शीटचं हे संरक्षण सुरक्षेसाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टच सांगते. फाइल उघडण्याचा पासवर्ड पक्का खरा, पण तो गिऱ्हाइकाला सांगावाच लागतो.

कायदा मात्र करणाऱ्याच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते आणि संकलनंही 'साहित्यकृती'त मोडतात. नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं. स्वतंत्रपणे करून दिलेल्या तक्त्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करणाऱ्याकडेच राहतो. पैसे मिळाले म्हणून हक्क गेला असं होत नाही; तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. बेरीज-वजाबाकीच्या सूत्रावर मात्र कुणाचीच मालकी नाही. हक्क आहे तो मांडणीवर.

पण गोठ्याच्या अहवालासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? त्यापेक्षा माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडे पाहावं. शेताला पाण्याचं आवर्तन मिळतं, तलाव मिळत नाही. तसंच गिऱ्हाइकाला निकाल हवा असतो, मूळ फाइल नव्हे. तो पीडीएफमध्ये द्यावा. एक्सेलच हवं असेल, तर सूत्रं काढून नुसत्या किमती ठेवलेली, त्याच्या नावाची प्रत द्यावी; आकडे बदलून पाहायचेच असतील, तर समोर बसून बदलून दाखवावेत. मूळ फाइल आपल्याकडेच ठेवावी. आणि बिलावर एक ओळ लिहावी: 'हा तक्ता याच कामापुरता, दुसरीकडे वापरण्यास लेखी परवानगी लागेल.'

यात गिऱ्हाइकाचंही भलं आहे. उसन्या फाइलीत चाऱ्याचा दर तीन वर्षांपूर्वीचा असतो, तोही लपवलेल्या रकान्यात. वरचं नाव बदललं, तरी तो दर तसाच राहतो. नफा कागदावर दिसतो, कर्ज मंजूर होतं आणि हप्ता मात्र दुधातून निघत नाही. त्या दरामागचा हिशेब विचारायला, ज्याने तो घातला तो माणूस तिथे नसतो. म्हणून परवानगी मागायला आलेल्याला नुसता नकार देऊ नये. दर ताजे करून, रास्त मोबदला घेऊन, त्याचा अहवाल नव्याने करून द्यावा.