ती ओरडली नाही म्हणून?



टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांत बडा आरोपी तासाभरात गजाआड जातो. प्रत्यक्षात? १९७२ साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. शहरात हवालदाराला कोण मोठा म्हणेल? तिच्यापुढे मात्र तोच सरकार होता.

उच्च न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले; १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती! पण संमती ही मनाची मोकळी कृती. भीतीने गप्प बसणे म्हणजे होकार कसा? धुणीभांडी करणारी मुलगी मालकापुढे गप्प राहते, ती काय राजीखुशीने?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार यांच्यासह कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालय आता तेच गृहीत धरते. ते दोघे मात्र सुटले ते सुटलेच.