गाळवाघ

आटपाट नदी असेल. तिचं नाव बोरी. नळदुर्गाच्या किल्ल्यात १६१३ साली तिला अडवून बांधलेल्या पाणीमहालाचा चिराही तोवर उरलेला नसेल. माणसंही नसतील. पण नर-मादी धबधबे जिथं कोसळायचे, त्या खडकात एक डोह असेल आणि डोहात गाळवाघ.

हा वाघ म्हणजे मासाच. आपण हौसेनं आफ्रिकेतला मांगूर आणला, बंदी आली तरी चोरून पोसला, आणि तो कुण्या पुरात शेततळ्यातून निसटला. लाखो वर्षांनंतरचा त्याचा हा वंश. खवले नाहीत, तोंडाभोवती आठ मिशा, पाण्याबाहेरही श्वास घेता येतो. हे सगळं पूर्वजाचंच. पुढच्या परांच्या काट्यांचे मात्र कोपर झालेले आणि शेपटीच्या बुडाशी चरबीची वळकटी आलेली. बोरी आटली की तो गाळात शिरतो, नाकापुरतं भोक ठेवतो आणि मृगापर्यंत त्या चरबीवर निजतो. लांबी तीन हात. याहून मोठा गाळवाघ निसर्गाला जमला नसता असं नाही. बोरीला परवडला नसता.

एका श्रावणात डोहातला एक गाळवाघ थोराड निपजला. पाणी दुथडी, चिलापीच्या वंशातल्या मासळीचे थवेच्या थवे. तो दिवसरात्र खाई. पोळ्याला पाच हात झाला, दिवाळीला सात.

“एवढं कशाला खायलास रे बाबा?” एक म्हातारी म्हणाली. “तोंडात पिल्लं धरलेली चिलापी तरी सोड.”

“आजे, मी सोडली तर दुसरा खाईलच की.”

म्हातारी गप्प बसली. पाचशे फूट बोअर पाडणाऱ्याला तरी आजवर कोण नीट उत्तर देऊ शकलंय? दुसरे बघत होतेच. पौषापर्यंत सगळेच पिल्लंवाल्या चिलाप्यांवर तुटून पडले. म्हातारीनंही दोन-चार गिळल्या.

चैत्रात डोह गुळाच्या काहिलीएवढा झाला. म्हातारी गाळात शिरली. थोराडानंही डोकं खुपसलं, पण धड वरच राहिलं. गाळ जेमतेम दोन हात, खाली काळा पाषाण. रात्री तो कोपरं घाशीत वरच्या डोहाकडे निघाला. वाटेत ऊन चढलं. घारींना पाच दिवस पुरला.

गोष्ट सांगणारे बहुतेक इथं हात धुऊन उठतात. पण मृग लागला, म्हातारी वर आली, तेव्हा डोह काठोकाठ होता आणि त्यात खायला काही नव्हतं. वळकटी सुकून चामडं लोंबत होतं. शेजारच्या बिळातून एक तरणा गाळवाघ निघाला.

“आजे, थोराड तर मेला. मग आपण उपाशी कसे?”

“तो एकटाच खात होता का रे?”

एवढ्यात वरच्या अंगानं एक चिलापी वाहत आली. गाल फुगलेले, आत पिल्लं वळवळणारी. तरण्यानं जबडा उघडला. म्हातारीनंही उघडला, भूक तिलाही होतीच.