हत्याराची नियत

भंडारदऱ्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी कोयता असतो. सरपण तोडावे, रान साफ करावे, यासाठी लोहाराने तो घडवलेला असतो. रागाच्या भरात त्याने माणूसही मारता येतो. पण तो दोष मारणाऱ्याचा, कोयत्याचा नव्हे. बंदुकीच्या बाजूने बोलणारेही हेच सांगतात: लोखंड निष्पाप, नियत माणसाची. आम्हाला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. घडवणाऱ्याचीही नियत असते आणि ती वस्तूत उतरते.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा हा भेद ओळखतो. पिकाच्या राखणीसाठी तो ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करतो. एक बार काढला की पुन्हा दारू ठासावी लागते. राखणीला तेवढे पुरते. अर्धस्वयंचलित रायफल मात्र सामान्य माणसाला सहजी मिळत नाही.

अमेरिकेत उलटे घडले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस यूजीन स्टोनर यांच्या आराखड्यातून एआर-१५ ही सैनिकी रायफल आकाराला आली. १९६० च्या दशकात ती ‘खेळाची’ म्हणून नागरिकांना विकली जाऊ लागली. सलग गोळीबाराची सोय काढली. पण हलके वजन, चटकन बदलता येणारे मॅगझिन आणि एक गोळी सुटताच दुसरी आपोआप नळीत येणे, हे सारे राहिले. थोड्या वेळात किती, एवढ्याच प्रश्नाचे हे उत्तर आहे. नाव खेळाचे, घडण रणांगणाची.

१५ मार्च २०१९, जुम्मा. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ जीव गेले. मारेकऱ्याकडे अशाच घडणीच्या रायफली होत्या आणि बंदुकीचा परवानाही होता. द्वेष त्याचाच होता. पण हाती कोयता असता तर ५१ जनाजे उठले असते का? एप्रिलमध्ये तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी अशा बहुतेक बंदुकांवर बंदी घातली.

दुसरी बाजूही आहे. भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले. १८४८ मध्ये ठाण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाचे हात रिकामे केले. रिकाम्या हातांची असहायता आपणही दंगलींत पाहिली आहे. म्हणून शस्त्र हवेसे वाटते. पण ज्या बाजारात ते आपल्याला मिळेल, तिथेच ते द्वेष्ट्यालाही मिळेल. आणि वेळ तो निवडतो, म्हणून पहिला बार त्याचाच.

माणसाची नियत अल्लाह जाणतो. हत्याराची नियत मात्र त्याच्या घडणीत कुणालाही वाचता येते. ती वाचूनच परवाना द्यावा, असे आम्हाला वाटते.