माळवदाची माती

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हा घरमालकाला भाडेकरू शोधावा लागत नसे. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. खोली रिकामी होणार असं नुसतं कळलं, तरी जुन्या बिऱ्हाडाचं सामान निघायच्या आत नवं बिऱ्हाड दारात उभं असायचं. त्याच काळात साखर पेठेतल्या एका गृहस्थांनी आठ खोल्यांचा वाडा घेतला. दगडी जोतं, शहाबादी फरशी, चौकात आड आणि वर मातीचं माळवद.

पुढे वाडा त्यांच्या मुलाच्या, म्हणजे अण्णांच्या हाती आला. तोवर जुनी मिल केव्हाच बंद पडली होती, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. गिरणीतले हात यंत्रमागावर गेले, बायका घरी विड्या वळू लागल्या आणि शिकलेली पोरं पुण्याला गेली. अण्णांचा मुलगाही त्यांतलाच. मग जानेवारी 2024 मध्ये कुंभारीच्या रे नगरात पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या आणि वाड्यातली तीन बिऱ्हाडं स्वतःच्या घरी राहायला गेली. जन्मभर भाडं भरणाऱ्याला हक्काचं दार मिळालं, याचं कोणत्याही मालकानं वाईट वाटून घेऊ नये. अण्णांनीही घेतलं नाही. पण तीन खोल्यांना कुलपं लागली आणि महिन्याची जमा एकदम खाली आली.

मालमत्ता कर मात्र तेवढाच होता. चौकातल्या दिव्याचं आणि आडावरच्या मोटारीचं बिलही तेवढंच. अण्णा ओळखीच्या वकिलांकडे गेले. राहिलेल्या पाच जणांचं भाडं वाढवून तूट भरून काढावी, असं त्यांच्या मनात होतं.

वकील म्हणाले, "अण्णा, जुने भाडेकरू आहेत. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ बसते. चारशे रुपये भाड्यावर ती झाली महिन्याला सोळा रुपये."

"आणि भाडं थकवलेल्याचं पाणी बंद केलं तर?"

"गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. अजून एक सांगतो. डागडुजी मालकाकडेच असते. तुम्ही टाळलीत, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत."

अण्णा घरी आले आणि जिथे कोणी विचारणार नाही तिथे त्यांनी काटकसर केली. माळवदावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. ही माती पाणी मुरू देत नाही, ते पन्हाळीकडे वाहून जातं. एक ट्रॅक्टर माती आणि गड्यांची मजुरी एवढाच काय तो खर्च. तो त्यांनी पुढच्या वर्षावर ढकलला.

सोलापुरात जून-जुलै कोरडे गेले तरी नवल नसतं. पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. त्या सप्टेंबरात एका कोपऱ्यातल्या खोलीतली अक्का सलग तिसऱ्या महिन्याला भाडं देऊ शकली नाही. ही बाई सासूच्या वेळेपासून वाड्यात राहणारी, कधी न चुकवणारी. बाराशे रुपये थकले होते. खोली सोडायला सांगायचं असं ठरवूनच अण्णा तिच्या दारात गेले.

अक्कानं वाद घातला नाही. तिनं आतली भिंत दाखवली. शेजारच्या कुलूपबंद खोलीच्या बाजूनं ओल उतरली होती, आणि त्याच भिंतीशी तिचं विड्यांचं सूप, पानं, तंबाखू.

"मालक, पान-तंबाखू ओलं झालं की विडी बुरसटती. कंपनीत छाट काढत्यात. हजार वळल्या तरी हजाराचे पैसे येईनात. आषाढापास्नं हेच चाललंय. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं मी."

अण्णांनी शेजारचं कुलूप काढलं. कुबट वास आला. छताची एक तुळई काळी पडून खाली झुकली होती. राहत्या खोलीत थेंब पडला की तासाभरात ओरड होते. इथे ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून पाणी निवांत मुरत राहिलं. अण्णा बराच वेळ तिथे उभे होते. मातीचे पैसे त्यांनी वाचवले होते. ते माळवदातून अक्काच्या तंबाखूत, तंबाखूतून तिच्या मजुरीत आणि मजुरीतून त्यांच्याच भाड्यात गेले होते.

माझ्या मते या गोष्टीतलं खरं शहाणपण अण्णांनी पुढे काय केलं त्यात आहे, कारण पश्चात्ताप सगळेच करतात. नव्या तुळईसाठी त्यांनी मुलाकडून पैसे मागितले. पाऊस उघडल्यावर तात्पुरतं बुजवून घेतलं आणि उन्हाळ्यात अख्ख्या माळवदावर माती टाकली. अक्काचा मुलगा मागावरची पाळी संपवून माती चढवायला यायचा. त्याची मजुरी थकबाकीतून वळती झाली आणि तशी पावतीही फाडली. अक्काची मजुरी आठवड्याला मिळते, म्हणून भाडंही आठवड्याला शंभर रुपयांप्रमाणे घ्यायचं ठरलं. रिकाम्या तीनपैकी दोन खोल्या त्यांनी मागितलेल्या भाड्याहून कमी दरानं दिल्या. त्यात मात्र भिडेला बळी पडले नाहीत. अनामत घेतली, करार नोंदवून घेतला.

आजही एक खोली रिकामी आहे. वाड्याचं उत्पन्न गिरण्यांच्या काळासारखं होणार नाही, ते अण्णांच्या हातातही नाही. कर वेळेवर भरला जातो, मातीचे पैसे वर्षभर भाड्यातून बाजूला पडतात आणि मुलाचं देणं थोडं थोडं फिटतं आहे. अण्णांपुरतं हे पुरेसं आहे.

ज्यांचे असे जुने वाडे अजून उभे आहेत, त्या मालकांना एकच विनंती. यंदा मे महिन्यात शिडी लावून स्वतः वर चढा आणि कुलूप लावलेल्या खोल्यांवरचं माळवद सगळ्यात आधी बघा.